खांद्यावरचे कार्यालय

एप्रिलचा पहिला पंधरवडा हा बँकांच्या शाखांमधून वैधानिक लेखापरीक्षणाचा काळ. सकाळी दहाच्या सुमारास सनदी लेखापाल आपल्या दोन-तीन सहायकांसह शाखेत दाखल होतात, शाखाधिकारी त्यांच्यासाठी एक टेबल रिकामे करून देतात, चहा येतो आणि खांद्यांवरच्या बॅगा टेबलावर उतरतात. या उतरण्याच्या आवाजावरूनच बॅगेत कोणते यंत्र आहे, याचा अंदाज जाणत्या माणसाला यावा. एक बॅग अलगद टेकते. दुसरी धप्पकन आदळते, तिच्यातून लॅपटॉपपाठोपाठ विटेएवढा चार्जर निघतो आणि ‘प्लग पॉइंट कुठे आहे?’ हा दिवसाचा पहिला प्रश्न विचारला जातो. पुढे दिवसभर दोन्ही यंत्रांवर एकच काम चालते. कर्जखात्यांच्या याद्या, थकबाकीचे दिवस, तारणाचे मूल्यांकन, एक्सेलचे तक्ते आणि शेवटी अहवालाचे टंकलेखन. सायंकाळी काम दोघांचेही सारखेच झालेले असते. एकाला मात्र खांदा चोळत लोकलच्या गर्दीत शिरावे लागते.

वजनदार यंत्राचा मालक अडाणी असतो असे मुळीच नाही. उलट खरेदीपूर्वी त्यानेच अधिक चौकशी केलेली असते. प्रोसेसर कितवा, ग्राफिक्स कार्ड कोणते, साठवणूक किती, हे सारे त्याला तोंडपाठ असते. पैसे खर्च करायचेच तर त्या पैशांत जास्तीत जास्त ‘ताकद’ पदरात पाडून घ्यावी, हा त्याचा हिशेब व्यवहारी माणसाचाच हिशेब आहे. परंतु माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेला एक आकडा त्याच्या नजरेतून सुटतो, आणि पुढची चार-पाच वर्षे रोज त्याच आकड्याची त्याला आठवण होत राहते. तो आकडा वजनाचा. ज्या माणसाचे काम फिरतीचे आहे, त्याने हलकेपणाला चैन न मानता कामाच्या गरजांत पहिले स्थान द्यावे, आणि ‘ताकद’ म्हणजे नेमके काय, हे जाहिरातीवरून न ठरवता स्वतःच्या कामावरून ठरवावे, असे आग्रहाने सांगण्याची वेळ आता आली आहे.

वजनाचा हिशेब मुळातच चुकीच्या पद्धतीने मांडला जातो. माहितीपत्रकातील वजन केवळ यंत्राचे असते, चार्जरचे नसते. मोठ्या ग्राफिक्स कार्डाचा, खेळांसाठी म्हणून विकला जाणारा लॅपटॉप साधारण सव्वादोन ते अडीच किलोंचा भरतो आणि त्याचा चार्जर आणखी अर्धा-पाऊण किलोचा. म्हणजे खांद्यावर तीन किलो. उलट चौदा इंची पडद्याचा, कार्यालयीन कामासाठी घडवलेला चांगला लॅपटॉप सव्वा ते दीड किलोंचा असतो आणि त्याचा यूएसबी-सी चार्जर तारेसकट दोन-अडीचशे ग्रॅमच्या घरात बसतो. दोहोंतील फरक दीड लिटर पाण्याच्या बाटलीएवढा आहे. ठाण्याहून फोर्टात, वाकडहून शिवाजीनगरला अथवा सिकंदराबादेहून कोटीला रोज जाणाऱ्या माणसाला ‘पाण्याची भरलेली बाटली वर्षभर बॅगेत ठेवा, मात्र तिच्यातले पाणी पिऊ नका’ असे सांगितले, तर तो हसेल. यंत्र विकत घेताना मात्र तो हेच मान्य करून आलेला असतो. बॅगेत डबा असतो, छत्री असते, फायली असतात. त्यात भर पडणारा प्रत्येक किलो जिना चढताना मोजला जातो.

हलके यंत्र म्हणजे दुबळे यंत्र, हा समज मात्र निराधार नव्हता. त्याला इतिहास आहे. १९८१ साली बाजारात आलेला ऑस्बोर्न-१ हा पहिल्या यशस्वी सुवाह्य संगणकांपैकी एक. त्याचे वजन सुमारे ११ किलो होते, पडदा पाच इंची आणि बॅटरी नाहीच. शिवणयंत्रासारखी मूठ धरून तो उचलायचा आणि भिंतीतील वीज मिळेल तेथेच चालवायचा. आपल्याकडे रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर शाखाशाखांतून खतावणीची यंत्रे दिसू लागली, तेव्हा संगणक खांद्यावरून न्यायचा ही कल्पनाच विनोदी वाटली असती. पुढे २००७ च्या अखेरीस आसुसचा ईई पीसी आला. वजन एक किलोहून कमी, पडदा सात इंची, किंमत अल्प. पाठोपाठ ‘नेटबुक’ नावाच्या छोट्या यंत्रांची लाटच आली आणि ज्यांनी त्यांवर मोठा तक्ता उघडून पाहिला, त्यांच्या मनात हलक्या यंत्रांविषयी कायमची अढी बसली. जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी कागदी पाकिटातून मॅकबुक एअर काढून दाखवला तेव्हा सभागृहात टाळ्या पडल्या खऱ्या. पण १.३६ किलोंच्या त्या देखण्या यंत्राला यूएसबीचे एकच छिद्र होते आणि त्याची चकतीही संथ होती. हलकेपणासाठी वेगाचा बळी द्यावा लागतो, हे त्या काळचे सत्य होते.

ते सत्य आज उरलेले नाही. २०११ मध्ये इंटेलने ‘अल्ट्राबुक’ची कल्पना पुढे आणल्यापासून चित्र पालटू लागले. यंत्रे फिरत्या चकतीकडून एसएसडीकडे वळली आणि थोड्या विजेत अधिक काम करणारे प्रोसेसर तयार होऊ लागले. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या ॲपलच्या एम-१ ने तर पंखाच नसलेल्या, १.२९ किलोंच्या यंत्रात असा वेग आणला की प्रतिस्पर्ध्यांनाही आपली रचना नव्याने तपासावी लागली. २०२४ मध्ये इंटेलची ‘कोअर अल्ट्रा २००-व्ही’ ही मालिका आणि क्वालकॉमची ‘स्नॅपड्रॅगन एक्स’ मालिका त्याच वाटेने आल्या. एकेकाळी ज्या कामासाठी टेबलाखालचा मोठा डबा लागे, ते आज सव्वा किलोच्या यंत्रात होते. समज मात्र नेटबुकच्या काळातच रेंगाळलेला आहे, आणि विक्रेत्यालाही तो मोडण्यात फारसे स्वारस्य नाही.

मग ताकद कशात पाहायची? येथे क्षणभर थांबून स्वतःच्या कामाचा दिवस आठवून पाहावा. ब्राउझरमध्ये वीस पाने उघडी, एक्सेलच्या तीन वह्या, टॅली, ई-मेल, एखादी पीडीएफ, शेजारी व्हिडिओ बैठक आणि या सर्वांवर नजर ठेवणारा विषाणूरोधक कार्यक्रम. यांतील एकेक काम हलकेच आहे. ताण पडतो तो सर्व एकत्र आल्यामुळे. असे यंत्र मंदावते तेव्हा मालक प्रोसेसरला दोष देतो. वस्तुतः बहुतेक वेळा अपुरी पडलेली असते ती रॅम, म्हणजे कामाची जागा. टेबल लहान असेल तर हुशार कारकुनालाही प्रत्येक फाइल कपाटातून काढावी आणि पुन्हा कपाटात ठेवावी लागते. ८ जीबी मेमरीच्या यंत्राचे नेमके असेच होते, त्यातूनही थोडी जागा पडद्याच्या चित्रणासाठी खर्ची पडते ती वेगळीच. आज कामासाठी यंत्र घेणाऱ्याने १६ जीबीच्या खाली उतरू नये. आकडेमोडीचे मोठे काम करणाऱ्याने, अथवा यंत्र सहा वर्षे वापरण्याचा निश्चय असणाऱ्याने, ३२ जीबीचा विचार करावा.

मेमरीचा हा आग्रह हलक्या यंत्राच्या बाबतीत दुप्पट महत्त्वाचा आहे आणि त्याचे कारण ग्राहकाला क्वचितच सांगितले जाते. जाड लॅपटॉपमध्ये मेमरीची पट्टी खाचेत बसवलेली असते. दोन वर्षांनी आणखी एक पट्टी घालता येते. सडपातळ यंत्रात जागा वाचवण्यासाठी मेमरी मदरबोर्डवर डाख देऊन पक्की केलेली असते, तर वर उल्लेखिलेल्या इंटेलच्या मालिकेत ती प्रोसेसरच्याच चौकटीत सामावलेली आहे. खरेदीच्या दिवशी जेवढी घेतली तेवढीच अखेरपर्यंत. ‘सध्या आठ घ्या, पुढे वाढवू’ हे विक्रेत्याचे आश्वासन अशा यंत्राबाबत पाळताच येत नाही. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विदाकेंद्रांची मागणी वाढल्यामुळे मेमरीच्या किमती चढल्या आणि कमी मेमरीत भागवण्याचा मोह ग्राहकाला होणे स्वाभाविक आहे. तरीही अंदाजपत्रक तोकडे पडत असेल तर प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा, मेमरी एक पायरी वरची. उलट करणारे पुष्कळ आणि पस्तावणारेही तेच.

प्रोसेसरच्या नावांविषयी एवढे सांगणे पुरे की ती नावे ग्राहकाला समजावीत या हेतूने ठेवलेली दिसत नाहीत. ‘सात’ हा आकडा ‘पाच’पेक्षा मोठा म्हणून यंत्र चांगले, असे नसते. एएमडीच्या ‘रायझन ७ ७७३०यू’ या प्रोसेसरचे नाव २०२३ च्या मालिकेतील आहे, पण त्याची अंतर्गत रचना २०२० मध्ये प्रथम बाजारात आलेल्या झेन-३ ची आहे. शेवटचे अक्षर पाहण्याची सवय लावावी. ‘यू’ म्हणजे साधारणतः १५ वॉटच्या आसपास वीज घेणारा, फिरतीच्या यंत्रासाठी घडवलेला; ‘एच’ म्हणजे ४५ वॉटच्या घरातला, मोठा पंखा आणि मोठा चार्जर मागणारा. इंटेलच्या २०२४ च्या मालिकेतील ‘व्ही’ हे अक्षरही पहिल्याच कुळातले. चित्रफितींचे संपादन, त्रिमितीय आराखडे, अभियांत्रिकी विश्लेषण ही कामे करणाऱ्याला ‘एच’ आणि स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड हवेच, त्याने वजनाची तक्रार करू नये. पण गृहकर्जाचे प्रस्ताव तपासणाऱ्या अधिकाऱ्याला, विमा सल्लागाराला, वकिलाला किंवा मध्यम व्यापाऱ्याला त्या ताकदीचा उपयोग शून्य आहे. न वापरलेल्या ताकदीचेही वजन मात्र उचलावेच लागते.

याच्याशी निगडित असलेला उष्णतेचा प्रश्न आपल्या देशात जेवढा महत्त्वाचा, तेवढाच दुर्लक्षित. प्रोसेसर घेत असलेली जवळजवळ सारी वीज अखेर उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते आणि सडपातळ यंत्रात ती बाहेर टाकायला जागा थोडी. म्हणून पहिली काही सेकंदे वा मिनिटे यंत्र भरधाव धावते आणि तापताच आपला वेग आपणच कमी करते. माहितीपत्रकात छापलेला मोठा आकडा हा त्या पहिल्या धावेचा असतो. दुकानातील वातानुकूलित दालनात पाच मिनिटे यंत्र हाताळणाऱ्याला दुसरी बाजू दिसतच नाही. अनेक नामांकित कंपन्यांच्या तपशीलपत्रकात यंत्र चालवण्यासाठी ३५ अंश सेल्सिअसपर्यंतचे तापमान दिलेले असते. नागपूर, चंद्रपूर, जयपूर वा दिल्ली येथे मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, शाखेत वीज गेलेली असते आणि इन्व्हर्टरवर केवळ दिवे व एखादा पंखा चालू असतो. अशा दुपारी जाडसर पंख्याचे यंत्र आणि पंखाविरहित यंत्र यांच्यातील भेद कळून येतो. म्हणूनच अतिसडपातळ यंत्राचा हव्यास धरू नये. हलकेपणा आणि सडपातळपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे किंवा कार्बन तंतूचे आवरण ॲल्युमिनियमपेक्षा बरेच हलके असते; त्यामुळे पंख्याला पुरेशी जागा ठेवूनही यंत्र सव्वा किलोत बसवता येते. पत्र्याच्या चकाकीवर भाळणाऱ्याला ते आवरण प्लॅस्टिकसारखे वाटते आणि तो नाक मुरडतो, ही गोष्ट वेगळी.

पडद्याबाबत चौदा इंच हे माप फिरतीच्या कामाला सर्वांत सोयीचे. तेरा इंचांत तक्त्याचे स्तंभ मावत नाहीत, सोळा इंची यंत्र रेल्वेच्या आसनावर उघडता येत नाही. ज्यांची उंची रुंदीच्या मानाने थोडी अधिक आहे, म्हणजे १०८० ऐवजी १२०० ओळी दाखवणारे पडदे, ते घ्यावेत. एक्सेलमध्ये तेवढ्याच काही ओळी जास्त दिसतात आणि दिवसाकाठी पुष्कळ वर-खाली करणे वाचते. पडदा चकचकीत नसावा आणि त्याची उजळता ४०० निटच्या आसपास असावी. २५० निटचा पडदा दुकानात ठीक दिसतो, खिडकीजवळ बसल्यावर त्यात स्वतःचाच चेहरा दिसतो.

येथे हिशेबनीस मंडळींची एक रास्त अडचण नोंदवली पाहिजे. चौदा इंची लॅपटॉपवर उजवीकडचा अंकांचा स्वतंत्र कळसंच नसतो. ज्याची उजवी बोटे वर्षानुवर्षे न पाहता त्या अंकांवरून धावत आली आहेत, त्याला वरच्या ओळीतील अंक शोधत बसणे ही शिक्षाच वाटते. केवळ याच कारणासाठी कितीतरी लेखापाल आणि रोखपाल पंधरा-सोळा इंची यंत्र घेतात आणि अर्धा किलो अधिक वागवतात. वास्तविक अंकांचा सुटा कळसंच यूएसबीने जोडता येतो, अल्प किमतीत मिळतो आणि त्याचे वजन जेमतेम शंभर-दीडशे ग्रॅम असते. कार्यालयातील टेबलावर एक, बॅगेत एक ठेवला तरी सौदा फायद्याचाच.

बॅटरीसाठी ‘अठरा तास’ वगैरे दाव्यांकडे पाहू नये, वॉट-तास पाहावेत आणि साधा भागाकार करावा. ५५ वॉट-तासांची बॅटरी सरासरी ७ वॉट खर्च करणाऱ्या यंत्राला पावणेआठ तास पुरते. २० वॉट खर्च करणाऱ्या यंत्राला पावणेतीन. म्हणजे काटकसरी प्रोसेसर घेतला की चार्जर घरी ठेवण्याचीही सोय होते आणि पुन्हा पाव किलो कमी. चार्जिंग यूएसबी-सीचे असावे, म्हणजे प्रवासात मोबाइलला आणि लॅपटॉपला एकच चार्जर चालतो. विमानाने जाणाऱ्यांनी पॉवर बँक हातातील सामानातच ठेवावी आणि १०० वॉट-तासांची मर्यादा लक्षात असू द्यावी.

नव्या पद्धतीच्या यंत्रांविषयी एक इशारा आवश्यक आहे. स्नॅपड्रॅगनवर चालणारे विंडोज लॅपटॉप आणि ॲपलची यंत्रे बॅटरी व हलकेपणा या दोन्ही बाबतींत उजवी आहेत. परंतु डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, जुना प्रिंटर, बोटांचे ठसे घेणारे उपकरण यांचे ड्रायव्हर त्यांवर चालतीलच असे नाही. कंपनी कामकाज मंत्रालयाकडे वा करखात्याकडे स्वाक्षरीसह विवरणपत्रे भरणाऱ्या व्यावसायिकाने आपले टोकन आणि आपले लेखा-सॉफ्टवेअर त्या यंत्रावर चालते की नाही, याची उत्पादकाकडून खात्री करून घ्यावी. ३१ जुलैच्या रात्री हा शोध लागणे परवडणारे नसते.

पैशांचा विचार करताना यंत्राचे आयुष्य आणि कर्जाची मुदत यांची सांगड घालणे बँकेच्या ग्राहकाला अवघड जाऊ नये. ७२,००० रुपयांचे यंत्र १२ टक्के दराने २४ महिन्यांच्या कर्जावर घेतले तर मासिक हप्ता सुमारे ३,३९० रुपये पडतो आणि एकूण व्याज साधारण ९,३५० रुपये. ही रक्कम काही मोठी नव्हे. परंतु ८ जीबीचे यंत्र दुसऱ्या वर्षीच धापा टाकू लागले, तर हप्ते जुन्या यंत्राचे आणि गरज नव्याची अशी स्थिती ओढवते. ‘बिनखर्चाचे हप्ते’ ही योजना समजून घेऊनच स्वीकारावी. शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना स्पष्ट केले होते. आजच्या योजनांत व्याजाएवढी सूट किमतीत दिली जाते. म्हणजे रोखीने घेणाऱ्याला मिळू शकणारी सूट हप्तेवाला व्याजापोटी परत करतो. शिवाय क्रेडिट कार्डावरील हप्त्यांच्या व्याजावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो आणि प्रक्रिया शुल्क असल्यास ते निराळे. वरील उदाहरणात केवळ कराची रक्कम १,६८० रुपयांच्या आसपास जाते. एवढ्यात अंकांचा कळसंच येऊन वर बॅगही यावी.

व्यवसायासाठी खरेदी करणाऱ्याने बिलावर आपला जीएसटी क्रमांक घालून घ्यावा. ७२,००० रुपयांच्या बिलात सुमारे १०,९८० रुपये कराचे असतात आणि नोंदणीकृत व्यावसायिकाला, यंत्र व्यवसायासाठीच वापरले जात असेल तर, त्यांचे श्रेय मिळू शकते. मात्र श्रेय घेतलेल्या कराच्या रकमेवर पुन्हा घसारा मागता येत नाही. संगणकावरील घसाऱ्याचा दर पूर्वी ६० टक्के होता, तो आर्थिक वर्ष २०१७-१८ पासून ४० टक्के करण्यात आला. या दराने ८०,००० रुपयांचे यंत्र हिशेबाच्या वहीत तीन वर्षांनी १७,२८० रुपयांचे उरते. यंत्र किती झपाट्याने जुने होते, याचा अंदाज करकायद्यानेही बांधलेला आहे, ग्राहकानेही बांधावा.

ज्याचे अंदाजपत्रक खरोखरच मर्यादित आहे, त्याने नव्या स्वस्त आणि जड यंत्रापेक्षा मोठ्या कंपन्यांतून तीन-चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या, दुरुस्त करून हमीसह विकल्या जाणाऱ्या व्यावसायिक श्रेणीच्या लॅपटॉपचा विचार करण्यास हरकत नाही. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक या मालिकांतील अशा यंत्रांची बिजागरी आणि कळफलक नव्या स्वस्त यंत्राहून पुष्कळदा सरस असतात. बॅटरी मात्र नवी घालून घ्यावी, आणि विंडोज-१० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलेला असल्याने यंत्र विंडोज-११ साठी पात्र आहे, हे पाहिल्याखेरीज पैसे देऊ नयेत. इंटेलच्या आठव्या पिढीहून जुना प्रोसेसर असेल तर ते यंत्र किती का स्वस्त असेना, घेऊ नये.

व्यक्तिगत खरेदीपेक्षाही संस्थांच्या खरेदीत वजनाची उपेक्षा अधिक होते. निविदेच्या नमुन्यात प्रोसेसर, मेमरी, साठवणूक, हमी यांचे रकाने काटेकोर असतात. वजनाचा रकाना एकतर नसतो किंवा इतका सैल असतो की कोणतेही यंत्र त्यात बसावे. मग सर्वांत कमी दराचे यंत्र निवडले जाते आणि ते स्वाभाविकपणे जड असते. निवडणारा अधिकारी टेबलाशी बसलेला असतो. उचलणारा निरीक्षक, कृषी अधिकारी किंवा वसुली अधिकारी एसटीने, मोटारसायकलने, कधी पायी हिंडत असतो. खेड्यातील कर्जदाराच्या ओसरीवर बसून अर्ज भरणाऱ्या अधिकाऱ्याला अडीच किलोंचे यंत्र देणे आणि नंतर तो ते शाखेतच ठेवून कागदावर टिपणे काढतो अशी तक्रार करणे, यात कोणाचे चुकते हे सांगायला नको. फिरतीच्या पदांसाठी चार्जरसह पावणेदोन किलोंची कमाल मर्यादा निविदेत घातली, तर दर थोडा चढेल; पण यंत्र वापरले जाईल. ज्या संस्था अधिकाऱ्यांना ठरावीक रक्कम देऊन स्वतः यंत्र घेण्याची मुभा देतात, त्यांचा मार्ग या दृष्टीने अधिक शहाणपणाचा आहे, जरी पडताळणीचे कागद थोडे वाढत असले तरी.

बदलीच्या नोकरीत सेवाकेंद्राचा प्रश्न सर्वांत शेवटी आठवतो आणि सर्वांत आधी छळतो. आज इंदूर वा बडोद्यास असलेला अधिकारी दोन वर्षांनी भूजला किंवा तेजपूरला जाईल. यंत्र सेवाकेंद्रात नेऊन देण्याची हमी महानगरात पुरेशी असते. लहान गावी जागेवर येऊन दुरुस्ती करून देणारी हमीच खऱ्या अर्थाने हमी ठरते. सडपातळ यंत्रात बहुतेक भाग एकमेकांना जोडलेले असल्याने छोटा बिघाडही मदरबोर्ड बदलण्यापर्यंत जातो. तेव्हा तीन वर्षांची, जागेवरची हमी विकत घेण्यात खर्चिकपणा नाही.

एवढे सारे ठरल्यावर दुकानात जाताना रोजचीच बॅग बरोबर न्यावी, डबा, पाण्याची बाटली आणि फायलींसकट. निवडलेले यंत्र चार्जरसह तिच्यात घालून दोन मजले चढून पाहावे. आपल्या कामातील सर्वांत मोठी एक्सेलची वही पेन ड्राइव्हवर नेऊन तेथे उघडावी, तिच्यावर पंधरा-वीस मिनिटे काम करावे आणि तळहात ठेवतो ती जागा किती तापते ते पाहावे. मराठी वा हिंदी टंकलेखन करणाऱ्याने इनस्क्रिप्ट सुरू करून अर्धे पान लिहून पाहावे, कळा उथळ असतील तर पहिल्याच परिच्छेदात कळते. सत्तर हजारांचा माल घेणाऱ्या ग्राहकाला एवढा वेळ द्यायला जो दुकानदार तयार नसेल, त्याच्या शेजारी दुसरे दुकान असतेच.